अंडं-दुधाशिवाय फ्रेंच टोस्ट

अंड्याचं बांधून ठेवायचं काम इथे बेसन करतं. 4 स्लाइससाठी 3 मोठे चमचे बेसन, 1 मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, 1 मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि थोडी दालचिनी किंवा वेलची पूड घ्या. 180 मिली नारळाचं किंवा सोयाचं दूध आधी थोडंसं घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं ओता. दहा मिनिटं ठेवा. बेसन तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक स्लाइस बुडवण्याआधी ढवळायचं. नाहीतर पहिले टोस्ट पाणचट आणि शेवटचा थेट पिठल्यासारखा!

पाव कालचा, जाड कापलेला हवा. ताजा पाव तव्यावर जाईपर्यंतच फाटतो. प्रत्येक बाजू जेमतेम दहा सेकंद बुडवा. तेलावर, मध्यम-मंद आचेवर प्रत्येक बाजू 3-4 मिनिटं भाजा. आच मोठी ठेवली तर साखर करपते आणि बेसन आत कच्चंच राहतं, तो उग्र वास मग काकवीनेही झाकत नाही. कडा सुकल्याशिवाय उलथणं घालू नका, आवरण तव्यालाच चिकटेल.

पाकिटावरचे घटक मात्र वाचा. बऱ्याच पावांत दूध पावडर असते.