चाइल्ड सपोर्ट पगारातून कापला, पण पोचलाच नाही: तक्रारीआधीची तयारी

अमेरिकेत चाइल्ड सपोर्ट, म्हणजे वेगळं झाल्यावर मुलांच्या खर्चासाठीचे पैसे, बाबांच्या पगारातून कापले जाऊनही तुमच्याकडे पोचले नाहीत, तर मुलांच्या बाबांना चिडून मेसेज पाठवायच्या आधी त्यांच्याकडे पे स्टब, म्हणजे पगाराची चिठ्ठी, मागा. हे पहिलं सांगते, कारण मी नेमकं उलटं केलं. जानेवारीपासून माझ्याकडे एक पैसा आला नव्हता आणि मे उजाडेपर्यंत मी त्याच्याशी भांडत होते. तो म्हणायचा, "अगं, दर पगारातून कापले जातायत." मला ते खोटं वाटायचं. शेवटी एका रात्री वैतागून त्याने पे स्टबचा फोटो टाकला. टॅक्सच्या ओळींखाली 'चाइल्ड सपोर्ट', पुढे ४१२ डॉलर आणि शेजारी वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज, ३,७०८. म्हणजे नऊ हप्ते कापले गेले होते आणि त्यातला एकही माझ्या कार्डावर आला नव्हता. तो खरं बोलत होता. लेकरांचे पैसे त्याची कंपनी दाबून बसली होती.

म्हणून माझं ठाम मत आहे की एवढ्या एका कामापुरतं दोघांनी एका बाजूला यावं. तुमच्याकडे 'आले नाहीत' याचा पुरावा आहे, त्याच्याकडे 'कापले' याचा, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय केस उभी राहत नाही. त्याचंही नुकसान होतंच. पैसे पोचले नाहीत की सरकारी हिशोबात त्याच्या नावावर थकबाकी चढते. ती २,५०० डॉलरच्या वर गेली की अमेरिकन पासपोर्ट अडू शकतो, ड्रायव्हिंग लायसन्सवरही गदा येऊ शकते. त्याला हे शांतपणे सांगा. आपल्याकडच्या पुरुषांपैकी बरेच जण व्हिसावर असतात, 'कंपनीविरुद्ध बोललो तर नोकरी जाईल' ही भीती खरी असते. कपातीचा आदेश आला म्हणून कुणाला कामावरून काढणं कायद्याने मना आहे, हेही त्याच्या कानावर घाला.

मी शिकागोजवळ राहते, त्यामुळे पुढचे बारकावे इलिनॉयचे आहेत. चौकट मात्र देशभर एकच. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याला हे पैसे गोळा करून वाटणारं एक केंद्र उघडायला लावलं, स्टेट डिस्बर्समेंट युनिट. आमचं कॅरल स्ट्रीमला आहे, टेक्सासचं सॅन अँटोनिओला, कॅलिफोर्नियाचं वेस्ट सॅक्रामेंटोला. पगार झाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत कंपनीने कापलेली रक्कम तिथे पाठवायची असते. हे ७ दिवस डोक्यात पक्के बसवा, पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावर आहे.

आता कागद. कोर्टाच्या आदेशाची प्रत तर हवीच, पण त्याहून जास्त कामाची आहे ती कंपनीला गेलेली इन्कम विथहोल्डिंगची, म्हणजे पगारातून कपात करायची, नोटीस. तिच्यावर कंपनीचं नाव, कापायची रक्कम, केस नंबर आणि पैसे कुठे पाठवायचे तो पत्ता असतो. नाव नीट वाचा. आयटीतले आपले लोक बसतात एका ऑफिसात, पगार देते दुसरीच कन्सल्टन्सी, आणि कधी पेरोल तिसऱ्याच कंपनीकडे असतं. नोटीस तो ज्याच्या ऑफिसात बसतो त्या क्लायंटच्या नावावर गेली असेल तर मुळातच गडबड आहे. खात्रीसाठी त्याचा डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि टॅक्सचा फॉर्म, बघा: त्यावर पगार देणाऱ्या कंपनीचं नाव आणि चौकट 'बी'मध्ये तिचा नंबर असतो.

मग कंपनीला नोटीस मिळाल्याचा पुरावा. इथे बऱ्याच जणी अडकतात, मीही अडकले. इलिनॉयच्या कायद्यात कंपनीची चूक सिद्ध करायला नोटीस तिला कोणत्या तारखेला बजावली हे दाखवावं लागतं, आणि ते सर्टिफाइड मेलच्या सही केलेल्या पावतीने किंवा शेरीफच्या अथवा खासगी प्रोसेस सर्व्हरच्या (कायदेशीर कागद हातात नेऊन देणाऱ्याच्या) दाखल्याने. पोस्टातून परत येतं ते हिरवं कार्ड म्हणजे हीच पावती. एचआरला ईमेल केला होता, फोनवर 'हो, मिळाली' म्हणाले होते, याला इथे किंमत नाही. माझ्याकडे कार्ड नव्हतं, म्हणून नोटीस पुन्हा सर्टिफाइड मेलने पाठवावी लागली. कार्ड आलं की प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. सही पेन्सिलीसारखी फिकट असते, पुसट होते.

चौथं, केंद्राकडून पेमेंट हिस्टरी छापून घ्या आणि तेव्हाच विचारा की मुलांच्या बाबांच्या नावावर न ओळखता पडून राहिलेली रक्कम आहे का. कंपनीने केस नंबर चुकीचा टाकला तर पैसे पोचूनही तुमच्या खात्यात लागत नाहीत. अशा वेळी तुमची कंपनीवरची तक्रार वायफळ ठरेल, आणि पैसे एका फोनवर सुटतील.

हे सगळं हाती आलं की एका कागदावर चार रकाने पाडा: पगाराची तारीख, कापलेली रक्कम, त्यापुढच्या ७ कामकाजाच्या दिवसांची शेवटची तारीख आणि प्रत्यक्ष पोचल्याची तारीख. शनिवार, रविवार, सरकारी सुट्ट्या वगळून मोजा. पे स्टब एकही गाळू नका. एकाहून अधिक वेळा मुदत चुकली की कंपनीने जाणूनबुजून पैसे दिले नाहीत असं इलिनॉयचा कायदा गृहीत धरतो, आणि उलट सिद्ध करायचं ओझं तिच्यावर जातं. मुद्दाम थकवलं असेल तर दिवसाला १०० डॉलर दंड आहे आणि तो ज्या पालकाला पैसे मिळायला हवे होते त्याच्या बाजूने वसूल होऊ शकतो. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मालकाचा ११ लाख डॉलरहून जास्त दंड कायम ठेवला होता. त्यानंतर कायदा बदलला आणि आता एका चुकीमागे १०,००० डॉलरची मर्यादा आहे. तरीही वकिलाच्या पत्रात हा आकडा वाचला की पेरोलवाले लगेच फोन उचलतात.

तक्रार कुठे? आधी राज्याच्या हेल्थकेअर अँड फॅमिली सर्व्हिसेस खात्याच्या चाइल्ड सपोर्ट विभागाकडे. तुमचा घटस्फोट खासगी वकिलातून झाला असेल आणि विभागाकडे नाव नोंदवलेलं नसेल, तर आधी तो अर्ज भरा. दंडाचा दावा मात्र कोर्टात. शिकागोलगतच्या डुपेज काउंटीवाल्यांनी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) व्हीटनच्या कोर्टात जायचं, मूळ कागद जवळ ठेवून दोन प्रती न्यायच्या. प्रतींवरचे सोशल सिक्युरिटी नंबर काळ्या शाईने झाका, त्याचा आणि मुलांचाही.

आणि फाइलच्या पुठ्ठ्यावर आतून पहिल्या चुकलेल्या हप्त्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. तिच्याखाली बरोबर एक वर्ष पुढची तारीख. दंडाचा दावा त्या वर्षाच्या आतच लावावा लागतो.