अँप्लिफायर अचानक उलटा वागायला लागला तेव्हा

परमॅलॉय या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची पातळ पट्टी चुंबकीय क्षेत्रात आली की तिचा विद्युतरोध दोन-तीन टक्क्यांनी बदलतो. त्यावर बेतलेली एचएमसी 1001 ही चुंबकीय सेन्सरची चिप घेऊन मी क्लोज्ड-लूप अँप्लिफायर (ज्यात आउटपुट फीडबॅक म्हणून परत आत येतं) केला होता. बाहेरच्या कॉइलमधून सिग्नल द्यायचा, चिपमधल्या ब्रिजचं (चार परमॅलॉय रोधांच्या जोडणीचं) आउटपुट ऑप-अँप या सिग्नल मोठा करणाऱ्या चिपने वाढवायचं आणि सेन्सरमधल्याच, चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या ऑफसेट पट्टीतून फीडबॅक परत पाठवायचा. त्या पट्टीला एक गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रासाठी साधारण 51 मिलिअँपिअर लागतात, म्हणजे ऑप-अँपमागे दणकट ट्रान्झिस्टर हवाच.

आठवडाभर उत्तम चाललं. एके दिवशी झाकण बसवलं आणि आउटपुट थेट सप्लायला चिकटून बसलं. ऑप-अँप बदलला, सोल्डरिंग पुन्हा केलं, कॉइल तपासली. सगळं ठीक! वैतागून फीडबॅकच्या दोन तारा उलटवल्या, तर गाडी चक्क सुरळीत.

इथे डोक्यात प्रकाश पडला. झाकणाचे स्क्रू मी चुंबकी टोकाच्या स्क्रू-ड्रायव्हरने आवळले होते. त्या चुंबकाने परमॅलॉयचं चुंबकत्व उलटं केलं, ब्रिजचं चिन्ह फिरलं आणि सिग्नलला आवरणारा ऋण फीडबॅक त्यालाच वाढवणारा धन फीडबॅक झाला. 

तारा मूळ जागी आणल्या. परमॅलॉयचं चुंबकत्व पुन्हा मूळ दिशेला आणणाऱ्या, चिपमधल्या सेट-रीसेट पट्टीतून 3 ते 4 अँपिअरचा, जेमतेम दोन मायक्रोसेकंदांचा झटका दिला. त्यासाठी कपॅसिटर आणि मॉस्फेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) पुरतात. आउटपुट लगेच मध्यावर आलं. आता पॉवर चालू होताच हा झटका आपोआप बसतो, आणि स्क्रू-ड्रायव्हर साधा वापरतो.