नेकिंगचा रन लावताय? या चुका टाळा

महाप्याच्या आमच्या ऑफिसात दर जुलैला नवे ट्रेनी येतात आणि पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांना एकच काम मिळतं. १० मिलिमीटर व्यासाची स्टीलची सळई, ५० मिलिमीटर गेज लेंथ (ज्या लांबीवर स्ट्रेन मोजतात ती), कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये ओढून नेकिंग, म्हणजे ओढताना एका जागी पडणारी बारीक कंबर, दाखवा. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर मधोमध बारीक झालेली, लालभडक कंबरेची सळई असते आणि पोराच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्याचा आनंद. मी त्या चित्राकडे बघत नाही. मटेरियलचा टेबल उघडायला सांगतो.

तिथे बहुतेक वेळा लॅबच्या एक्सेल फाइलमधला स्ट्रेस-स्ट्रेन आलेख जसाच्या तसा चिकटवलेला असतो. लॅबचा आलेख इंजिनिअरिंग स्ट्रेसचा, म्हणजे लोड भागिले सुरुवातीचं क्षेत्रफळ; स्ट्रेन म्हणजे लांबीतली वाढ भागिले मूळ लांबी. सॉल्व्हरला, म्हणजे सिम्युलेशनचं गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हवा ट्रू स्ट्रेस (लोड भागिले त्या क्षणीचं क्षेत्रफळ) आणि त्यासमोर ट्रू प्लास्टिक स्ट्रेन (लोड काढला तरी उरणारा स्ट्रेन). बदल करायला दोन ओळी पुरतात. समजा लॅबने २० टक्के स्ट्रेनला ४५० मेगापास्कल दिलेत. ४५० गुणिले १.२ म्हणजे ५४० हा ट्रू स्ट्रेस. १.२ चा नैसर्गिक लॉग ०.१८२ हा ट्रू स्ट्रेन. त्यातून ५४० भागिले २ लाख (स्टीलचा इलास्टिक मॉड्युलस, मेगापास्कलमध्ये), म्हणजे ०.००२७ इतका इलास्टिक भाग वजा केला की उरतो ०.१७९६. झालं. यासाठी यूट्यूब लागत नाही.

हे न केल्यावर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटसाठी आम्ही असाच कूपन, म्हणजे चाचणीचा नमुना, लॅबच्या निकालाशी मॅच करत होतो. लॅबमध्ये सळईने ३५ किलोन्यूटनच्या थोडं वर लोड घेतला होता, आमचा रन साडेतीसवरच खाली वळायचा. ट्रेनी हुशार. त्याने मटेरियलचे सगळे स्ट्रेस १.१५ ने गुणले आणि मेलमध्ये लिहिलं, ‘कॅलिब्रेशन फॅक्टर’. पीक, म्हणजे सर्वात जास्त लोड, जुळला, शुक्रवारची संध्याकाळ होती, मला ठाण्याची लोकल पकडायची होती. मी रिव्ह्यूवर सही केली. सोमवारी क्लायंटकडच्या एका म्हाताऱ्या साहेबांनी, ज्यांची अर्धी हयात यूटीएमसमोर (नमुने ओढून तपासणाऱ्या मशीनसमोर) गेली होती, एवढंच विचारलं: “अहो, लोड जुळला ते ठीक. पण तुमची सळई दहा टक्क्यांतच कंबर कशी टाकते? आमची तर बावीसपर्यंत सरळ होती.”

उत्तर १८८५ सालापासून तयार आहे. कॉन्सिडेर या फ्रेंच इंजिनिअरने तेव्हाच सांगितलं होतं की ट्रू आलेखाचा चढ जिथे त्या क्षणीच्या ट्रू स्ट्रेसइतका उरतो, तिथे नेकिंग सुरू होतं. हार्डनिंगचा, म्हणजे ओढताना मटेरियल घट्ट होत जाण्याचा, घातांक ०.२ असेल तर ती वेळ ०.२ ट्रू स्ट्रेनला, म्हणजे साधारण २२ टक्क्यांना येते. इंजिनिअरिंग आलेखाचा चढ आधीच मरत चाललेला असतो. तो ट्रू म्हणून भरला की हीच अट ०.१ च्या आसपास पुरी होते आणि पीक १३ टक्क्यांनी पडतो. आमचा साडेतीसचा आकडा नेमका तोच होता, आणि १.१५ ने गुणून ती जागा तसूभरही सरकत नाही, कारण स्ट्रेस आणि चढ दोन्ही सारखेच वाढतात. जुळवाजुळवीच्या असल्या फॅक्टरवर तेव्हापासून माझा राग आहे.

दुसरी चूक याच टेबलाच्या शेवटी लपते. वरचं रूपांतर फक्त पीकपर्यंत खरं. त्यापुढे स्ट्रेन सगळ्या गेज लेंथमध्ये सारखा नसतो, त्यामुळे लॅबचा उतरता भाग त्या सूत्रात घालायचाच नाही. पोरं मग टेबल तिथेच संपवतात. अबॅकससारखा सॉल्व्हर टेबल संपल्यावर स्ट्रेस सपाट धरतो, मटेरियल घट्ट व्हायचं थांबतं, आणि कंबर एक-दोन एलिमेंटांच्या (मॉडेलच्या छोट्या तुकड्यांच्या) रांगेत सुरीने कापल्यासारखी पडते. पुढचा आलेख आपणच वाढवायचा. हार्डनिंगच्या सूत्रांपैकी स्विफ्टचं चढतच राहतं, व्होसचं सपाट होत जातं. मी दोन्हींचं मिश्रण घेतो आणि पीकनंतरचा लोड व गळ्याचा व्यास जुळेपर्यंत प्रमाण हलवतो. चार-पाच रन जातात. गळ्याच्या आत ताण तिन्ही दिशांनी असतो, म्हणून लोड भागिले गळ्याचं क्षेत्रफळ हाही सरळ वापरायचा आकडा नाही. ब्रिजमनची दुरुस्ती लावता येते, पण त्यासाठी गळ्याच्या वक्रतेची त्रिज्या मोजावी लागते. रनवरून उलटं शोधणं मला सोपं वाटतं.

“सर, सळई सारखीच लांबत चाललीय, कंबर पडतच नाही,” हेही दरवर्षी ऐकतो. टोकं आडव्या दिशेने मोकळी आणि भूमिती निर्दोष असेल तर मॉडेलने बारीक व्हायचं कुठे? टोकं ग्रिपसारखी घट्ट धरली तर आपोआप मधे पडते. मोकळी ठेवायची असतील तर मी मधल्या भागात त्रिज्या ५ वरून हळूहळू ४.९८ करतो. एकाने घाईत ४.७५ केली. कंबर लगेच पडली, पण पीकही त्याच हिशेबाने खाली आला.

मोठ्या विरूपणाचा, म्हणजे एनएलजिऑमचा पर्याय बंद ठेवून नेकिंग शोधणाऱ्यांशी मी बोलत नाही.

लोड लावून ओढू नका, डिस्प्लेसमेंट द्या. पीकनंतर लोड उतरतो, लोड-कंट्रोलला तिथे मार्गच नसतो.

पूर्ण इंटिग्रेशनचे, म्हणजे जास्त बिंदूंवर हिशेब करणारे एलिमेंट प्लास्टिक प्रवाहात आखडू शकतात, कमी बिंदूंचे रिड्यूस्ड घेतले तर आवरग्लासची, म्हणजे एलिमेंटांच्या खोट्या वेड्यावाकड्या आकाराची, ऊर्जा बघा. आणि गळ्याजवळचे एलिमेंट सुरुवातीला अक्षाच्या दिशेने बुटके ठेवा. ट्रू स्ट्रेन १ झाला की ते २.७ पट लांब आणि ०.६ पट अरुंद होतात. चौकोनी सुरुवात केलीत तर शेवटी शेवया मिळतील.

एक्सप्लिसिटमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या वेळेच्या टप्प्यांनी सोडवण्याच्या पद्धतीत, मास स्केलिंग करून (वेग यावा म्हणून वजन खोटं वाढवून) चहा थंड व्हायच्या आत उत्तर काढणारे वाढलेत. कायनेटिक एनर्जी (हालचालीची ऊर्जा) इंटर्नल एनर्जीच्या (मटेरियलमध्ये साठलेल्या व खर्च झालेल्या ऊर्जेच्या) ५ टक्क्यांच्या वर गेली असेल तर तो टेन्साइल टेस्ट राहिलेला नाही.

आणि तुलना करताना एक्स्टेन्सोमीटरचा, म्हणजे सळईवरच लावलेल्या लांबण मोजणाऱ्या उपकरणाचा, स्ट्रेन मागा. क्रॉसहेडच्या (मशीनच्या सरकणाऱ्या आडव्या भागाच्या) आकड्यात यूटीएमची स्वतःची लवचिकता आणि जबड्यातली घसरण दोन्ही मिसळलेली असतात. लॅबवाले आधी तोच पाठवतात, कारण तो मशीनमधून आयता निघतो.