लाइव्ह कार्यक्रमाच्या मॉनिटरिंगसाठी परवडणारे, संतुलित हेडफोन कसे निवडावेत

हेडफोन घेताना आपण आवडतं गाणं लावून बघतो. बास दणकट वाटला, गाणं गोड लागलं की खरेदी पक्की. लाइव्ह कार्यक्रमात मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर बसणाऱ्याला असा हेडफोन हमखास दगा देतो. त्याला गाणं गोड लागायला नकोच आहे. कुठल्या माइकमध्ये घरघर आहे, कुठला जॅक कुरकुरतोय, कुणाचा गेन (माइकचा सिग्नल वाढवण्याची पातळी) जास्त होऊन आवाज फाटतोय, हे समोर स्पीकर धडधडत असताना काही सेकंदांत कळायला हवं. म्हणून इथे निवडीचा क्रम उलटा लागतो: आधी बाहेरचा आवाज किती अडतो ते, मग संतुलन (खालचे, मधले, वरचे सूर योग्य प्रमाणात ऐकू येणं), मग बाकी सगळं. चांगली गोष्ट एवढीच की या कामाला उंची हेडफोन लागत नाहीत. स्टुडिओत आणि मंचामागे वर्षानुवर्षं राबणारी बरीच मॉडेल्स मधल्या किंवा त्याखालच्या किमतीतली आहेत.

पायरी १: ऐकणार कुठे, ते आधी ठरवा

स्ट्रीमिंग किंवा रेकॉर्डिंग दूरच्या बंद खोलीतून करणार असाल तर निवडीला भरपूर मोकळीक आहे. प्रेक्षकांमध्ये किंवा मंचाच्या कडेला बसणार असाल तर नाही. मंचावर स्वतः गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कानात बसणारे इन-इअर सोयीचे पडतात, पण त्यांचं गणित निराळं. पुढचं सगळं मिक्सर किंवा रेकॉर्डर सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

पायरी २: बंद कपाचेच घ्या, आणि ते आपल्या डोक्यावर नीट बसतात का ते बघा

संतुलित हेडफोन कुठले, असं विचारलं की अनेक जण ओपन-बॅक (मागून उघड्या कपाचं) किंवा सेमी-ओपन (अर्धवट उघड्या कपाचं) मॉडेल सुचवतात. एकेजी के २४० हे त्यातलं जुनं, नावाजलेलं आणि खिशाला झेपणारं नाव. शांत खोलीत ते छानच वाजतं. पण सेमी-ओपन असल्यामुळे मंचाजवळ बाहेरचा गोंगाट त्यात सरळ आत येतो, आणि मग त्या संतुलनाचा उपयोग शून्य. इथे क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कप असलेले, पूर्ण कान झाकणारे हेडफोनच हवेत.

बाहेरचा आवाज किती अडतो याचा आकडा काही कंपन्या देतात. सेनहायझरच्या एचडी २८० प्रोसाठी तो ३२ डेसिबलपर्यंत सांगितला जातो. या ‘पर्यंत’कडे लक्ष द्या. वरचे, तीक्ष्ण आवाज बंद कपाने चांगले अडतात, खालचे फार कमी अडतात. बास गिटार आणि बास ड्रमच्या लांब लहरी कानाभोवतीच्या गादीच्या फटींतून आणि कपाच्या भिंतीतून आत शिरतातच, शिवाय थोडाफार आवाज हाडांमधूनही पोचतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की कार्यक्रम चालू असताना हेडफोनमध्ये ऐकू येणारा बास हा अर्धा हेडफोनचा आणि अर्धा हॉलचा असतो. त्यावरून मिक्सरवर बासची पातळी वरखाली करू नका, मग हेडफोन कितीही संतुलित असो.

गादी नीट बसते का, हे तपासायला अगदी साधी युक्ती आहे. बास स्पष्ट असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही कप तळहातांनी हलके दाबा. दाबल्यावर बास एकदम वाढला तर हवा कुठूनतरी निसटते आहे. चष्मा असेल तर तो लावूनच ही चाचणी करा. चष्म्याच्या काडीमुळे पडणाऱ्या बारीकशा फटीतूनही बास गळतो आणि बाहेरचा आवाज आत येतो, आणि दोष मात्र हेडफोनला दिला जातो.

नॉइज कॅन्सलिंगचा मोह टाळा. ते तंत्र एकसुरी घरघरीवर उत्तम चालतं, पण सतत बदलणाऱ्या संगीतावर तितकं नाही, आणि आपल्याला ऐकायच्या आवाजाचा पोतही ते बदलू शकतं. त्यात ऐन कार्यक्रमात बॅटरी संपली तर काय करणार?

पायरी ३: संतुलन कानाने तपासा

खोक्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. त्या टप्प्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सोबत सांगितलेलं नसेल तर त्या ओळीवरून काहीच कळत नाही. मोजमापांचे आलेख बघत असाल तर सरळ रेषेच्या मागेही लागू नका. बाह्यकर्ण आणि कानाची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच वाढवतात, त्यामुळे नैसर्गिक वाटणाऱ्या हेडफोनच्या मूळ आलेखात तिथे चढ दिसतोच.

माझ्या मते सगळ्यात खरी कसोटी माणसाच्या आवाजाची. कुणाला तरी माइकसमोर बोलायला किंवा गायला लावा. हेडफोनमध्ये ऐका, एक कप कानावरून सरकवून खरा आवाज ऐका, पुन्हा हेडफोनमध्ये ऐका. स्वतःचा आवाज यासाठी चालत नाही, कारण तो कवटीतूनही कानात पोचत असतो. पुरुषी आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमला तर १०० ते २५० हर्ट्झचा भाग फुगवलेला आहे. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचले तर ५,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये कुठेतरी उंचवटा आहे. गाणारा दोन पावलं मागे गेल्यासारखा वाटला तर मधला भाग खाली दबलेला आहे. घरी गाणी ऐकण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच हेडफोनमध्ये नेमकं हेच केलेलं असतं: बास वर, ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण सूर) वर, मध्य खाली. गाण्याचे शब्द आणि बहुतेक वाद्यांचा गाभा त्या मध्यातच असतो, त्यामुळे असा हेडफोन कितीही रंगतदार वाजला तरी आपल्या कामाचा नाही.

दोन जोड्यांची तुलना करताना त्यांचा आवाज सारख्याच पातळीवर आणा. किंचित मोठा वाजणारा हेडफोन कानाला नेहमी उजवा वाटतो. दोन्ही जोड्या हळू आवाजातही ऐका आणि मोठ्याही, कारण आवाज कमी असताना कानाला खालचे सूर कमी जाणवतात.

नावं घ्यायची तर सोनी एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून चालत आलेला गडी. त्याचा ट्रेबल जरा पुढे आहे, काटेकोरपणे संतुलित म्हणता येणार नाही. तरी लाइव्ह कामात हा दोष बऱ्याचदा पथ्यावर पडतो: माइकची सळसळ, केबलची कुरकुर त्यात लगेच पकडता येते. ऑडिओ-टेक्निकाच्या मालिकेत गवगवा एटीएच-एम५०एक्सचा आहे, पण त्याचा बास थोडा चढा आहे. त्याच्या खालचा, त्याहून स्वस्त एम४०एक्स जास्त सपाट वाजतो, आणि मॉनिटरिंगसाठी मी तोच घेईन.

पायरी ४: ओहमचा आकडा वाचा

एकच मॉडेल वेगवेगळ्या इम्पिडन्समध्ये (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) मिळू शकतं. बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो. २५० ओहमचा नग फोनला किंवा छोट्या रेकॉर्डरला जोडलात तर आवाज पुरणार नाही, आणि गोंगाटात नेमकी तेव्हाच गरज असते. ३२ ते ८० ओहमच्या दरम्यानचा घेतला की मिक्सर आणि रेकॉर्डर दोन्हीकडे निभावतं. संवेदनशीलतेचे (तेवढ्याच सिग्नलवर हेडफोन किती मोठा वाजतो, त्याचे) आकडे ताडून बघताना ते दर मिलीवॉटला दिलेत की दर व्होल्टला, ते पाहा. दोन वेगळ्या मापांची थेट तुलना करता येत नाही.

पायरी ५: वायर, बिजागऱ्या, गाद्या

ब्लूटूथ नको. त्यातला उशीर अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त असतो, म्हणजे गायकाचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागाहून येतो. वायर काढता येणारी असेल तर उत्तम, कारण बहुतेक हेडफोन वायरपाशीच मरतात. एमडीआर-७५०६ ची वायर कायमची जोडलेली आहे, ही त्याची लंगडी बाजू. मिक्सरला मोठा, ६.३ मिलिमीटरचा जॅक लागतो. आटे असलेला, फिरवून बसवायचा अडॅप्टर मिळाला तर तो ऐन वेळी निसटत नाही.

कप फिरतो का, हेही बघा. मिक्सरवरचा माणूस निम्मा वेळ एक कान हॉलकडे आणि एक चॅनलकडे (मिक्सरमध्ये येणाऱ्या एकेका माइककडे किंवा वाद्याकडे) ठेवून असतो. सेनहायझर एचडी २५ यासाठीच लोकप्रिय झाला: एक कप बाजूला वळतो आणि जवळपास प्रत्येक सुटा भाग बदलून मिळतो. मात्र तो कानावर टेकणारा आहे, तासाभरात कान दुखू शकतात. कुठलाही हेडफोन निदान वीस मिनिटं डोक्यावर ठेवून बघा. पकड घट्ट असेल तर आवाज छान अडतो, पण कानशिलं ठणकतात, आणि यात कुठे थांबायचं हे ज्याचं त्यानेच ठरवायचं.

पायरी ६: खऱ्या गोंगाटात वापरून बघा

परत करण्याची मुदत असेपर्यंत एखाद्या तालमीला घेऊन जा. एक चॅनल सोलो करून, म्हणजे हेडफोनमध्ये फक्त तोच ठेवून, ऐका. मिक्सर मंचापासून २० मीटरवर असेल तर स्पीकरचा आवाज तुमच्यापर्यंत यायला साधारण ५८ मिलिसेकंद लागतात. हेडफोनमध्ये तो जवळपास लगेच येतो, त्यामुळे प्रत्येक ठोका दोनदा पडल्यासारखा वाटतो. हा हेडफोनचा बिघाड नव्हे. बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये हेडफोनच्या आउटपुटला तेवढा विलंब देण्याची सोय असते, ती वापरा.

आवाजाची कळ कुठवर फिरवावी लागली तेही बघून ठेवा. अमेरिकेच्या निओश या, कामाच्या जागच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. तालमीत शब्द कळण्यासाठी कळ शेवटपर्यंत न्यावी लागत असेल तर तो हेडफोन परत करा आणि जास्त आवाज अडवणारा घ्या. शिवाय लोकप्रिय मॉडेल्सच्या हुबेहूब नकला फिरत असतात, त्यामुळे बदलून घेताना अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल जपून ठेवा.