या चुका टाळा : बैलाचे दात मोजता, मग बाटलीपुढे गप्प का?

गुरांच्या बाजारात आमच्या गावचा माणूस बैल घेतो ते पाहण्यासारखं असतं. आधी लांबून चाल बघतो. मग जबडा उघडून दात मोजतो, दोनदाती की चारदाती की जुळलेला. खुरं दाबतो. मानेवर हात फिरवून जुवाचा घट्टा चाचपतो, कारण ‘कामाचा बैल’ म्हणून विकायला आणलाय आणि मान लोण्यासारखी मऊ, म्हणजे विकणारा खोटं बोलतोय. शेवटी विकणाऱ्याच्या गावचा कोणी बाजारात सापडतो का ते पाहतो, त्याला चहा पाजतो आणि हळूच विचारतो, “काहो भाऊ, मारका त नाई नं?”

तोच माणूस दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रात येतो, मुंगीएवढ्या अक्षरांची, पिकावरच्या औषधाची हजार रुपयांची बाटली उचलतो आणि एकच प्रश्न विचारतो. “चांगली हाये नं?”

त्या काउंटरमागे विकायला मी उभा असायचो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अकरा वर्षं. आता ते सोडलं, फक्त शेती करतो. त्यामुळे कोणी ‘लोकांना विचारच करता येत नाही’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. येतो की. बैलबाजारात येतो, सोयरीक जुळवताना तर फारच येतो. पण काही ठिकाणी आपण अक्कल चपलेसारखी दाराबाहेर काढून आत जातो. त्याच त्या ठिकाणी, त्याच त्या चुका. पाहून पाहून कंटाळलो म्हणून लिहितोय.

‘मारली आन् गुण आला’

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आणि वर चाळीसेक लोकांना करायला लावली.

जुलैत पावसानं अठरा दिवस दडी मारली होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडलेली, पानं कोमेजलेली. त्यात एक पोरगा मोटरसायकलवर नवं टॉनिक घेऊन आला. मला दोन बाटल्या फुकट दिल्या. मी माझ्या पाच एकरांत फवारलं. सहाव्या दिवशी वावर असं हिरवंगार झालं की मीच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून फोटो काढले. मग काय, दुकानात येईल त्याला सांगायचो, “माझं स्वतःचं वावर पाहून या, मग घ्या.” लोक पाहून यायचे आणि घ्यायचे. खोटं मी काहीच बोलत नव्हतो, हे लक्षात घ्या.

पुढच्या हंगामात आमच्याच गावचे एक म्हातारबा दुकानात आले. चौथी शिकलेले, मी त्यांना आबाजी म्हणतो. बाटली हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, “तुह्या धुऱ्यापलीकडचं वावरबी हिरवं झालं होतं नं रे? त्यानं कोनती मारली होती?”

त्यानं काहीच मारलं नव्हतं. त्याच्याकडे तेव्हा पैसे नव्हते. फवारणीनंतर दोन दिवसांनी पाऊस आला होता, तो त्याच्याही वावरात पडला आणि माझ्याही. एवढी गोष्ट मला वर्षभर सुचली नाही. आबाजींना सुचली, कारण त्यांना बाटली विकायची नव्हती.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. काहीही नवीन मारायचं तर वावराच्या मधोमध चार तास, म्हणजे पिकाच्या चार ओळी, कोरे सोडायचे. धुऱ्याकडचे नाही, कारण कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त मिळतो, ती तशीही वेगळीच वाढतात. चारही कोपऱ्यांवर काड्या रोवून लाल चिंध्या बांधायच्या, नाहीतर फवारणारा गडी आपलेपणानं तेही मारून टाकतो. आणि वेचणीला त्या चार तासांचा कापूस वेगळ्या गाठोड्यात, शेजारच्या चार तासांचा वेगळ्या. दोन्ही काट्यावर. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, पैसे घातले की डोळे पक्षपाती होतात. पुढच्याच वर्षी त्या टॉनिकच्या आणि कोऱ्या तासांच्या गाठोड्यांत फरक निघाला पाव किलोचा. तोही कोऱ्या तासांच्या बाजूनं.

हे सांगितलं की नवी पोरं म्हणतात, “भाऊ, चार तासाचं नुसकान कोन भरून देईन?” पाच एकरांवर चार हजारांची औषधं उडवताना हा हिशोब आठवत नाही. घाई असलेल्या माणसाला मी आता समजावत बसत नाही.

बरे झालेले मोजायचे, बाकीचे विसरायचे

आमच्याकडे साप निघणं नवलाचं नाही. पण निघतात त्यांतले पुष्कळ धामण, दिवड, कवड्या, तस्कर असे बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांतलं कोणी चावलं तरी दर वेळी विष पुरतं टोचलं जातंच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी बरेच जण नुसते ओट्यावर बसवून ठेवले तरी उठून घरी जातील. ते सगळे त्याच्या खात्यावर जमा होतात. जो दगावला तो मात्र त्याच्या खात्यावर येत नाही. ‘आणायला उशीर केला’, ‘वाटेत पाणी पाजलं’. पास झाला तर गुरुजींमुळे, नापास झाला तर पोराच्या कर्मानं, असला तो निकाल.

आमच्या शेजारच्या एका पोराला रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली. मण्यारीचं असं आहे की दुखत नाही, खूण धड दिसत नाही. मध्यरात्री पोट दुखतं म्हणाला, पहाटे पापण्या उघडेनात. तेव्हा घरच्यांनी त्याला गाडीत घातलं आणि नेलं मांत्रिकाकडे. तीन तास गेले. शेवटी पोराचा श्वास अडकायला लागला तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, सर्पविषावरची लस दिली, श्वासाच्या मशीनवर ठेवलं. वाचला. गावात परत आला तेव्हा नारळ कुणाला गेलं? मांत्रिकाला. “म्या इष उतरवलं म्हनून त दवाखान्यालोक पोचला,” असं तो पारावर सांगत होता आणि माना डोलत होत्या.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. पण कायदा पारावर येऊन मोजणी करत नाही, ती आपल्यालाच करावी लागते.

माझा इलाज कॅलेंडर. बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेला होते आणि दुसऱ्या दिवशी पावसापाण्याचं भाकीत येतं. ते मी आवडीनं ऐकतो, लहानपणापासून ऐकत आलोय. ऐकतो आणि कॅलेंडरच्या त्या त्या महिन्याच्या पानावर लिहून ठेवतो. हवामान खात्याचा अंदाज त्याच्या शेजारी, आणि खाली माझा स्वतःचा. दिवाळीत बसून खुणा करायच्या, बरोबर किंवा चूक. ‘कुठे कमी, कुठे जास्त’ असलं वाक्य कोणाचंही असो, लिहूनच घेत नाही, ते चुकूच शकत नाही. चार वर्षांच्या खुणांमध्ये सगळ्यात जास्त चुका कोणाच्या निघाल्या ते बायकोला माहीत आहे. ती सांगत फिरते.

सांगणाऱ्याच्या खिशात काय पडतं, हे न विचारणं

बाटली जितकी अनोळखी, तितकं आमचं मार्जिन जास्त असायचं. एवढंच सांगतो.

जुनं खरं आजही खरंच धरणं

बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला, आपल्याकडे २००२ मध्ये आला. २००६ मध्ये त्याची दुसरी पिढी आली. तेव्हा ‘बीटीला बोंडअळी येत नाही’ हे अनुभवानं खरं होतं. मग गुलाबी बोंडअळी त्याला पचवायला शिकली, २०१७ मध्ये आख्ख्या विदर्भानं सडकी बोंडं पाहिली. तरी अजून लोक म्हणतात, “बीटी हाये, काय होते!” आणि अळी बोंडात शिरल्यावर धावत येऊन ‘जालीम द्या’ म्हणतात. बोंडात बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, कितीही जालीम असो. मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ आठ सापडले की मग फवारणीचं बोला.

भावाचंही तेच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांवर गेलं, २०२२ मध्ये कापूस बारा हजारांच्या पुढे. पुढच्या हंगामात सगळ्यांनी कापूस घरात भरून ठेवला, ‘बारा येतेच’ म्हणून. भाव आठाच्या आसपास रेंगाळून खाली गेला आणि घरातली पोरंसोरं कापसातल्या किड्यांनी अंग खाजवत बसली. मागच्या वर्षी का वाढला होता, हे किती जणांनी विचारलं?

एकावर तीन फुकटचा गुण

तीन औषधं एका बादलीत कालवली तर तिप्पट गुण येत नाही, तिप्पट खर्च येतो. कधी त्याहून वाईट. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हा शहरातून आलेले लोक ‘शेतकऱ्यांना समज नाही’ म्हणून गेले. पाठीवर पंप असलेला बहुतेकदा मजूर असतो, बाटली मालकाच्या हातात आणि सल्ला आमच्यासारख्यांचा. तिघांपैकी लेबल कोणीच वाचत नाही. निदान त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे, हे मी हजार वेळा सांगितलं असेल.

मोबाइलवर आलं म्हणजे झालं

पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता कुठल्याही एपीके फाइलमधून, म्हणजे मोबाइलात ॲप टाकणाऱ्या फाइलमधून, येत नाही. उघडू नका. मेसेजवर तारीख नसेल तर तो मेसेज नव्हे, वावडी.

‘आपण सोडून सगळे बिनडोक’

आमच्या नात्यातला पुण्याचा इंजिनियर दर १५ ऑगस्टला युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याचा मेसेज पाठवतो. युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही. दर वर्षी सांगतो, दर वर्षी येतो. त्यामुळे हा शाळेचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. आमच्याच वऱ्हाडातले गाडगेबाबा कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त टाकायचे आणि समोरची माणसं, बहुतेक निरक्षर, उत्तरं द्यायची. उत्तर देता देता स्वतःच अडकायची, हसायची. ती माणसं काय वेगळ्या मातीची होती? त्यांना कोणीतरी विचारत होतं, इतकंच.

शेजाऱ्यानं पेरलं म्हणून पेरणं

ही चूक शेवटी ठेवली, कारण सगळ्यात सोपी आहे आणि सगळ्यात महाग. सोयाबीनचं घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळा, आठवड्याभरात सत्तर उगवले तर पेरा. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणीची तिफण काढू नका. मोजायला यंत्र लागत नाही. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवायचा, सकाळी फूटपट्टी बुडवायची, आकडा भिंतीवर लिहायचा, डबा रिकामा करायचा.

या जूनमध्ये माझ्या भिंतीवर बेरीज साठ झाली होती. आजूबाजूच्या सगळ्या तिफणी सुरू झाल्या. दोन दिवस दम धरला, तिसऱ्या दिवशी मीही काढली. आबाजी धुऱ्यावरून चालले होते. थांबले, म्हणाले, “काहून बाप्पा, शंभर झाला का?”

मी ऐकू न आल्यासारखं केलं. दुबार पेरणीच्या बियाण्याची उधारी अजून फिटायची आहे, आणि ती माझ्याच जुन्या दुकानात आहे.