‘स्वातंत्र्य’ या शब्दावर बोट ठेवून राष्ट्राध्यक्षांचे भाषण कसे वाचावे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची भाषणे आपल्या वाचनात येतात ती बहुधा सुट्या वाक्यांच्या रूपाने, आणि त्या वाक्यांत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द हटकून असतो. एवढ्यावरून भाषणाविषयी मत बनवू नये. प्रथम संपूर्ण भाषण मिळवावे, ते केव्हा, कुठे आणि कोणापुढे झाले हे वहीत वर लिहून ठेवावे आणि मग हा शब्द जिथे जिथे येईल तिथे समासात दोन प्रश्न लिहावेत: स्वातंत्र्य कोणाचे, आणि कोणापासून?

हे प्रश्न कसे विचारावेत याचा उत्तम धडा खुद्द अब्राहम लिंकन यांनी घालून दिला आहे. गुलामगिरीवरून दक्षिणेतली राज्ये फुटून यादवी युद्ध पेटले, तेव्हाचे हे राष्ट्राध्यक्ष. 18 एप्रिल 1864 रोजी बाल्टिमोर येथे बोलताना ते म्हणाले की, या शब्दाची चांगली व्याख्या जगाला कधीच मिळालेली नाही. पुकारा सगळेच करतात, पण एकाच्या लेखी त्याचा अर्थ आपल्या श्रमाचे फळ आपल्याला मिळणे असा असतो, तर दुसऱ्याच्या लेखी इतर माणसांचे आणि त्यांच्या श्रमाच्या फळाचे वाटेल ते करण्याची मुभा असा. पुढे त्यांनी दृष्टान्त दिला. मेंढपाळ लांडग्याच्या तावडीतून मेंढीला सोडवतो, मेंढी त्याला आपला मुक्तिदाता मानते, आणि लांडगा मात्र त्याच कृतीबद्दल त्याला स्वातंत्र्याचा वैरी ठरवतो, त्यातही मेंढी काळी असल्यामुळे. हे भाषण झाले त्या मेरीलँड राज्यात तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. ती त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला संपली. स्थळ आणि तारीख लिहून ठेवण्याचा आग्रह एवढ्यासाठीच.

सरावासाठी लिंकन यांचेच, त्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीवर झालेले, 19 नोव्हेंबर 1863 चे गेटिसबर्गचे भाषण घ्यावे. ते तीनशे शब्दांच्याही आत असल्याने हाताने उतरवून काढता येते, आणि उतरवताना डोळ्यांना जे दिसते ते नुसत्या वाचनात निसटून जाते. आरंभीच्या ‘सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी’ या शब्दांवर थांबून वजाबाकी करावी. उत्तर 1776 येते. म्हणजे लिंकन राष्ट्राचा जन्म मोजतात तो सर्व माणसे समान आहेत असे सांगणाऱ्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून. 1787 च्या, प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांना तीन माणसे धरणाऱ्या राज्यघटनेपासून नव्हे. या एका आकड्यात त्यांची सगळी भूमिका आली आहे, असे मला वाटते. मराठी वाचकाने मूळ पाठही जवळ ठेवावा, कारण आरंभी ‘लिबर्टी’ आणि शेवटी ‘फ्रीडम’ असे दोन शब्द तिथे आहेत आणि अनुवादात दोन्हींचे ‘स्वातंत्र्य’च होते. लिंकन यांच्या हस्ताक्षरातील पाच प्रतींत थोडेफार पाठभेद आहेत, म्हणून आपण कोणती प्रत वाचतो आहोत याचीही नोंद करावी.

यानंतर भाषणात काय नाही ते पाहावे. गेटिसबर्गच्या भाषणात ‘गुलामगिरी’ हा शब्दच नाही. तेव्हा त्याच्याशेजारी लिंकन यांचीच 1 जानेवारी 1863 ची गुलामांच्या मुक्तीची घोषणा ठेवावी: ती बंडखोर प्रदेशांपुरतीच होती आणि मेरीलँड, केंटकीसारख्या संघराज्यात राहिलेल्या गुलामीच्या राज्यांना लागू नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या बाबतीतही हेच करावे. 6 जानेवारी 1941 रोजी त्यांनी भाषणाचे, उपासनेचे, अभावापासूनचे आणि भीतीपासूनचे अशा चार स्वातंत्र्यांची भाषा केली आणि 19 फेब्रुवारी 1942 रोजी ज्या आदेशावर सही केली, त्यामुळे जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले.

शेवटचे काम म्हणजे ज्यांच्या वाट्याला ते स्वातंत्र्य आले नव्हते त्यांचे म्हणणे वाचणे. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस 5 जुलै 1852 रोजी रॉचेस्टर येथे बोलले, तेव्हा 4 जुलैचा हा स्वातंत्र्यदिन तुमचा आहे, माझा नाही, असे त्यांनी श्रोत्यांना तोंडावर सांगितले. त्या भाषणातील ‘तुम्ही’ आणि ‘मी’ यांखाली रेघा ओढत जावे. त्याच ओळीत आपले जोतीराव फुले यांनाही बसवावे. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती कोणा राष्ट्राध्यक्षाला नव्हे, तर गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. ती अर्पणपत्रिका गेटिसबर्गच्या भाषणासमोर ठेवून वाचावी, आणि समासातले तेच दोन प्रश्न तिलाही विचारावेत.