वीज गेली की संप ओसंडायचा: माझा अनुभव

आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही. पण जूनमधल्या एका सकाळी माझ्या समुद्री माशांच्या टाकीखालच्या कपाटातून लादीभर खारं पाणी पसरलेलं दिसलं आणि पोटात गोळाच आला. माझी टाकी १२० × ४५ सेंमी, खालचा संप, म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी जिथे उतरतं आणि पंप जिथून ते परत वर चढवतो ती दुसरी टाकी, ७५ × ३५. संप लहान पडतोय असं धरून मी मोठा घ्यायला निघालोच होतो.

मग हिशेब मांडला. वरच्या टाकीतलं १ सेंमी पाणी म्हणजे ५.४ लिटर. पाणी वर चढवणाऱ्या पाइपचं तोंड ६ सेंमी खोल बुडालेलं. पंप थांबला की त्याच पाइपातून पाणी उलटं खेचलं जातं, तोंड उघडं पडेपर्यंत. म्हणजे ३२ लिटर! संपात ते १२ सेंमी चढणार, आणि माझ्याकडे मोकळी जागा होती जेमतेम ८ सेंमी.

तोंड वर घेतलं, पाण्याखाली जेमतेम १ सेंमी. शिवाय पृष्ठभागालगत पाइपला बारीक भोक पाडलं. भोक शेवाळाने बुजतं, म्हणून दर आठवड्याला टाचणीने साफ करतो. एकदिशा व्हॉल्व्हवर मात्र विसंबू नका, त्यात क्षार साचले की तो गळतो.

नंतर पंप मुद्दाम बंद करून पाणी पूर्ण उतरू दिलं. ते संपाच्या कडेच्या बरंच खाली थांबलं. पंप पुन्हा लावून चालू पातळीवर संपाच्या काचेवर रेघ मारली. रोजची भर त्या रेघेपर्यंतच, तीही गोड्या पाण्याची, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं.